तीन आठवड्यांच्या परदेशी अभ्यासासाठीही शिष्यवृत्ती द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. परवा वर्गात गटचर्चा चालू असताना एक विद्यार्थिनी मध्येच थांबली आणि मागच्या बाकावरच्या दोघींना म्हणाली, "तुम्ही तेलुगूत सांगा गं, आम्ही समजून घेऊ." शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागातल्या त्या मुली दोन वर्षांत पहिल्यांदाच वर्गात बोलल्या. मला हे कधी सुचलं नव्हतं.

हे सुचवणाऱ्या विद्यार्थिनीची आई विड्या वळते. गेल्या उन्हाळ्यात ही मुलगी तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी जर्मनीला जाऊन आली. तिथे पाच देशांच्या मुलांच्या गटात चार दिवस ती गप्पच होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आपल्याकडचं वळण. तिथे गप्प राहणं म्हणजे होकार धरला गेला आणि तिला न पटलेला आराखडा तिच्याही नावाने सादर झाला. पाचव्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "मला हे पटत नाही." भाषेवाचून शहाणं माणूसही कसं मुकं होतं, हे तिने तिथे सोसलं. म्हणून इथलं मागचं बाक तिला दिसलं.

नुसत्या विमानप्रवासाने हे होत नाही. जाण्याआधी महिनाभर तयारी, तिथे रोजची डायरी आणि परतल्यावर त्यावर चर्चा, एवढं केलं नाही तर हाती फक्त फोटो उरतात.

साहेब, तिचं तिकीट आम्ही प्राध्यापकांनी वर्गणीतून काढलं. दुसऱ्या एका मुलाचं निवडपत्र मात्र फाइलीतच राहिलं. व्हिसासाठी बँकेचा उतारा हवा होता आणि त्याच्या वडिलांची यंत्रमागावरची मजुरी दर आठवड्याला रोख मिळते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हवीच, पण ती पूर्ण पदवीसाठी आहे. युरोपात १९८७ पासून चालू असलेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत आता ५ ते ३० दिवसांच्या मुक्कामालाही अनुदान मिळतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि पुढे तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या गावच्या मुलांनी बँकेच्या उताऱ्यापाशी अडावं, हे मला सहन होत नाही.

२००४ साली स्थापन झालेलं आमचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे. अशा विद्यापीठांसाठी अल्प मुदतीच्या अभ्यासदौऱ्यांचा वेगळा निधी ठेवा. पैसे जाण्याआधी मिळू द्या, नंतर बिलं लावून नकोत. व्हिसासाठी खर्चाची हमी शासनाच्या पत्राने द्या आणि आधीची तयारी, नंतरची चर्चा सक्तीची करा.

तो मुलगा यंदा पुन्हा अर्ज करतोय. मुदत जानेवारीअखेर आहे.

आपली,
सोलापुरातील एक प्राध्यापिका