ध्रुव तारा सर्वांत तेजस्वी नव्हे

महोदय,

माझी नात चौथीत आहे. परवा तिच्या शाळेत सामान्यज्ञानाची परीक्षा झाली. 'रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा कोणता?' हा एक प्रश्न होता. पोरीने 'व्याध' लिहिलं. त्यावर लाल फुली, आणि शेजारी 'ध्रुव' असं लिहून आलं. घरी येऊन म्हणते, "आज्जा, मी बरोबरच लिवलो होतो नव्हं?"

बरोबरच होतं. तिला व्याध मीच दाखवलाय, उसाच्या बांधावर. आमच्याकडे थ्री फेज वीज येते रात्री, त्यामुळे थंडीत घोंगडं पांघरून उसाला पाणी पाजायला, दारं धरायला जायचं हे ठरलेलं. एक सरी भरेपर्यंत वर बघण्याशिवाय दुसरं काम काय? मृगातल्या तिकांड्याच्या तीन चांदण्यांची रेघ आग्नेयेकडे वाढवली की थेट व्याधावर जाते. जानेवारीच्या अखेरीला रात्री अकराच्या सुमाराला तो दक्षिणेला चांगला उंच असतो. शेजारच्या मळ्यातले कन्नड गृहस्थ त्याला लुब्धक म्हणतात. अर्थ तोच, शिकारी.

ताऱ्यांचं तेज प्रतीच्या आकड्यात मोजतात. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत उणे 1.46, ध्रुवाची साधारण 2. म्हणजे व्याध ध्रुवाच्या वीसपटीहून जास्त तेजस्वी दिसतो. तेजाच्या क्रमाने मांडलं तर ध्रुव पहिल्या चाळिसातही येत नाही. त्याची थोरवी जागा न सोडण्यात आहे. बेळगावातून तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर दिसतो. आमच्या शेतातून तर जांभळीच्या झाडाआड जातो. शुक्राची चांदणी व्याधाहूनही झगझगीत असते, पण तो ग्रह. 'शुक्र' लिहिलं असतं आणि फुली पडली असती तर मी गप्प बसलो असतो.

दुसऱ्या क्रमांकाचा तारा अगस्त्य. व्याधाकडे तोंड करून नजर सरळ खाली आणली की सापडतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून एकवीस अंशांपर्यंत चढतो, दिल्लीत आठ-नऊ अंशच, लंडनला तर उगवतच नाही. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर म्हणजे अगदी वेशीवर, म्हणून एवढा चमकतो. अगस्त्य 300 प्रकाशवर्षांच्या पलीकडे असूनही दुसरा येतो, यावरून त्याचं मूळचं तेज समजून घ्या. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा साताऱ्याच्या गादीवर थोरले शाहू महाराज असावेत. गावात देवळापुढे हायमास्ट बसल्यापासून मात्र घरच्या अंगणातून अगस्त्य नीट दिसत नाही, शेतातच जावं लागतं. दिवा नको असं नाही, पण त्याचा उजेड खाली पाडायची काही सोय करता आली तर बघावी.

तिसरा आणि चौथा बघायचा तर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पुन्हा रात्री अकराच्याच सुमाराला. तेव्हा निम्मं गाव गच्चीवर झोपलेलं असतं. दक्षिणेला अगदी खाली दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यातला जास्त तेजस्वी तो मित्र, तिसऱ्या क्रमांकाचा. त्याच वेळी बरोबर डोक्यावर स्वाती, तो चौथा. वळवाचा ढग आडवा आला नाही म्हणजे झालं.

शिक्षकांचा अपमान करायचा हेतू नाही. उत्तरसूची कुठून तरी तयार मिळाली असेल, त्यांनी ती ताडून पाहिली, एवढंच. पोरीचा गेलेला गुणही परत नको. फक्त एकदा वर्गात उभं राहून 'व्याध' बरोबर होतं असं सांगावं. तिच्याबरोबर आणखी दोन मुलींनी तेच उत्तर लिहिलं होतं, असं ती म्हणते.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. खानापूर, जि. बेळगाव