‘सायलेंट’ कूलरचा टिकटिकणारा पंखा आणि बंद केलेलं तिकीट

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, भारत कार्यालय,
मुंबई

विषय: आपल्या टॉवर एअर कूलरचा (कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणाऱ्या) पंखा कमी वेगाला टिकटिकतो, बदलून आलेल्या कूलरमध्येही तोच दोष आहे, तरी तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर ३,४५० रुपयांना घेतला. पंखा टिकटिकतो म्हणून कळवलं, तेव्हा आपण कूलर बदलून दिलात. त्याबद्दल आभार. पण बदलून आलेला पंखाही तस्साच टिकटिकतो. हे कळवल्यावर आपल्या तंत्रविभागाने ‘आवाज विदिन स्पेसिफिकेशन आहे’ एवढ्या एका ओळीवर माझं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं. ते तिकीट पुन्हा उघडावं, यासाठी हे पत्र.

कूलर गार करत नाही, अशी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. माझ्या कॉम्प्युटरमधला रायझन ७ ५७००एक्स हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि तो ९० अंशांपर्यंत चालतो. आपल्या कूलरखाली तो मे महिन्यातल्या डोंबिवलीतही ७५च्या वर गेलेला मी पाहिला नाही, आणि तेही मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना. हीटपाइप, धातूची पाती, बसवायची चौकट, सगळं उत्तम आहे. तक्रार फक्त पंख्याची आहे.

मी घरून ऑडिओबुकचं वाचन करते. आमच्या इमारतीत खरी शांतता मिळते ती दुपारी एक ते चार, लोक जेवून आडवे झाले की. त्या वेळात एसी बंद, छताचा पंखा बंद, खिडकीला गोधडी लावलेली, आणि खोलीत माणूस, माइक आणि कॉम्प्युटर एवढेच उरतात. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत ठेवा, असं आपल्या प्रतिनिधीने सुचवलं. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. म्हणूनच सुटे भाग एकेक पारखून मी हे मशीन स्वतः जोडलं: ग्राफिक्स कार्ड बिनपंख्याचं, हार्ड डिस्क नाही, नुसती एसएसडी, आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असा की कमी लोडला त्याचा पंखा फिरतच नाही. उरला आपला कूलर आणि मागच्या बाजूचा एक मंद पंखा. ‘६०० ते १५०० आरपीएम, १९ डीबीए, फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग, नियर सायलेंट’ असं खोक्यावर वाचून (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे, डीबीए म्हणजे कानाला जाणवेल तसा मोजलेला आवाज, बेअरिंग म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) मी निम्म्या किमतीचे कूलर बाजूला ठेवले आणि तुमचा घेतला.

आता दोषाविषयी. आपल्या प्रतिनिधीने ‘मॅडम, हवेचा थोडा आवाज येणारच’ असं सांगितलं. हवेचा सुसाट मला चालतो. तो एकसारखा असतो, रेकॉर्डिंगमधून एका क्लिकमध्ये काढता येतो. हा आवाज टिक-टिक-टिक असा आहे आणि तो शब्दांच्या मधल्या जागांत बरोब्बर ऐकू येतो. पंखा ६००वर ठेवून मी अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड केली आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लहर मोठी करून पाहिली. सपाट रेषेवर काटे उभे राहिल्यासारखे दिसतात, दर ०.१ सेकंदाला एक. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १० फेरे. प्रत्येक फेऱ्याला एक टिक. वेग ९००वर नेला तर काट्यांमधलं अंतर ०.०६७ सेकंदावर आलं. हिशेब तिथेही चुकत नाही. मशीनमधला दुसरा कुठलाही आवाज या पंख्याच्या वेगाबरोबर असा बांधलेला असू शकत नाही.

एवढ्यावर न थांबता तारेच्या दोन्ही क्लिपा सोडवून पंखा हातात घेतला, केबल लावलेलीच ठेवून. (प्रोसेसर रिकामा असताना तेवढा वेळ हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा भाग, सांभाळून घेतो.) पंखा उभा धरला, जसा कूलरवर बसतो तसा, की टिकटिक सुरू. आडवा केला, पाती छताकडे, की टिकटिक गायब. पुन्हा उभा केला की पुन्हा सुरू. मधल्या गोल झाकणावर बोट हलकेच टेकवून पंखा थांबवला तर अर्थातच काही नाही. कॅबिनेट थरथरतं, स्क्रू सैल आहेत, केबल पात्याला लागते, या सगळ्या शंका हातातल्या पंख्यापाशी संपतात. लॅमिंग्टन रोडवर ज्यांच्याकडून मदरबोर्ड घेतला त्यांना दाखवला, तर त्यांनी झाकण अंगठ्याने नुसतं मागेपुढे दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘बेअरिंगमध्ये प्ले (सैलपणा) आहे. आडवा लावा, नाहीतर परत करा.’ टॉवर कूलरवर पंखा आडवा कसा लावणार, हे त्यांनाही ठाऊक होतं; हसतच बोलले.

आपल्याकडून आलेले सल्ले मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, कारण प्रत्येकाने माझा वेळ खाल्ला. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट पुन्हा लावा, असं सांगण्यात आलं. पेस्टचा आणि बेअरिंगचा काय संबंध? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीडब्ल्यूएमऐवजी, म्हणजे स्पंदनांच्या इशाऱ्याने वेग ठरवण्याऐवजी, डीसी मोड (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणं) लावा, असं सांगण्यात आलं. तेही करून पाहिलं. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएमचा इशारा २५ किलोहर्ट्झने जातो, माणसाचा कान २०च्या पुढे ऐकत नाही, त्यामुळे तो ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. काही पंख्यांची मोटर त्या इशाऱ्याने कुरकुरते हे मला माहीत आहे, म्हणून शंका ठेवली नाही. डीसी मोडमध्येही टिकटिक तीच. आणि शेवटचा सल्ला तर लेखी आहे, ईमेलची प्रत सोबत जोडली आहे: ‘पंखा ११०० आरपीएमच्या वर चालवावा, म्हणजे टिक जाणवणार नाही.’ खरंच जाणवत नाही. कारण ११००ला हवेचाच आवाज इतका होतो की त्यात टिक बुडून जाते. शांत कूलर विकायचा आणि त्याचा दोष झाकायला आवाज वाढवा म्हणायचं, याला ग्राहक सेवा म्हणतात का, एवढं मला कोणीतरी लिहून कळवावं.

‘विदिन स्पेसिफिकेशन’ या उत्तराचं घोडंही इथेच पेंड खातं. स्पेसिफिकेशन म्हणजे खोक्यावरचा १९ डीबीए हा आकडा. तो कुठल्या वेगाला मोजला? किती अंतरावरून? खोक्यावर नाही, संकेतस्थळावर नाही, विचारल्यावर उत्तर नाही. हे प्रश्न कीस काढण्यासाठी नाहीत. पंख्याच्या आवाजाचं सर्वमान्य गणित असं की वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. तुमच्याच ६०० आणि १५००मध्ये त्या हिशेबाने २० डेसिबलच्या आसपास फरक पडतो. १९ हा आकडा १५००चा असेल तर ६००ला हा पंखा जवळजवळ ऐकूच येता कामा नये. ६००चा असेल तर १५००ला तो चाळिशीला टेकेल आणि मग ‘नियर सायलेंट’ हे शब्द खोक्यावर कशाला? अंतराचंही तसंच. एक मीटरवर १९ असेल तर अर्ध्या मीटरवर तो साधारण २५ होतो, आणि टेबलाखालचं कॅबिनेट माझ्या कानापासून मीटरभर लांब नसतं. छोट्या पंख्यांचा आवाज कसा मोजावा यासाठी आयएसओ १०३०२ हे मानक आहे. त्यानुसार मोजला असेल तर अहवाल पाठवा, वाद मिटला. मी स्वतः मोबाइलवरच्या ॲपने मोजून आकडा फेकणार नाही. फोनचा माइक इतक्या खालच्या पातळीला भरवशाचा नसतो.

त्यातही डीबीए हा सरासरीचा आकडा. सेकंदाला दहा वेळा येणारी बारीकशी टिक सरासरीत सपाट होऊन जाते, कानाला मात्र सगळ्यात आधी तीच टोचते. म्हणजे उद्या तुम्ही १९चा अहवाल दाखवलात तरी टिकटिकणारा पंखा निर्दोष ठरत नाही. एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशनाच्या मंचाचा जाहीर निकष आहे की वाचन नसतानाचा आवाज रेकॉर्डिंगच्या मापात उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. माझ्या खोलीचा आकडा तो निकष पार करतो आणि तरीही संपादक फाइल परत पाठवतात, मागे घड्याळ आहे का म्हणून विचारत.

आता आपल्या परतीच्या नियमाबद्दल. पंखा चार पिनांचा, तारेच्या क्लिपांवर बसलेला, दोन मिनिटांत निघतो. तरी पहिल्या वेळी आपण पूर्ण कूलर परत मागवलात आणि आताही, ‘फारच आग्रह असेल तर’, पूर्ण कूलरच पाठवा म्हणता. एएम४ सॉकेटवरून (माझा प्रोसेसर ज्यात बसतो त्या खोबणीवरून) कूलर काढणं म्हणजे काय असतं, याची कल्पना हा नियम करणाऱ्याला नसावी. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात आणि वरून त्याला धरून ठेवणारी चौकट नसते. पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर वर येतो. एक पिन वाकली की पंधरा-वीस हजारांचा माल धोक्यात. पहिल्या वेळी मी मशीन तापवून, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवला आणि श्वास रोखूनच उचलला. शिवाय ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. तुमचा कूलर गेला की दुसरा येईपर्यंत मशीन झाकून ठेवायचं आणि काम बंद. येता-जाता कुरिअरचा खर्चही माझाच. एका पंख्यापायी हे सगळं पुन्हा करायची माझी तयारी नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. फक्त पंखा बदलून द्या, आधी नवा पाठवा आणि त्याच माणसाकडे जुना परत घ्या. पाठवण्याआधी तो ६००वर, उभा धरून, शांत खोलीत कोणीतरी कानाने ऐकावा. यंत्र लागत नाही. याच लॉटचा पंखा पाठवू नका. माझे दोन्ही पंखे एकाच लॉटचे होते, स्टिकरचे फोटो जोडले आहेत. असा पंखा आपल्याकडे नसेल तर पंख्यापुरती रक्कम परत करा, मी दुसऱ्या कंपनीचा १२० मिलिमीटरचा पंखा तुमच्या हीटसिंकला लावीन. क्लिपा प्रमाणित मापाच्या आहेत, बसतो. आणि १९ डीबीए हा आकडा कुठल्या वेगाचा व किती अंतरावरचा, हे मला लेखी कळवा आणि संकेतस्थळावरही छापा. ही शेवटची मागणी पंखा मिळाल्यावरही मी सोडणार नाही.

खरेदी थेट आपल्या संकेतस्थळावरून झालेली असल्याने ई-कॉमर्स नियम २०२० लागू होतात. त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करीन आणि पुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही. खोक्यावरचा दावा दिशाभूल करणारी जाहिरात ठरतो का, हे मग तिथेच विचारू. ही धमकी समजू नये. ‘पुढे काय करणार आहात?’ असं आपल्याच प्रतिनिधीने फोनवर विचारलं होतं, त्याचं हे उत्तर आहे.

पावती, दोन्ही पंख्यांच्या स्टिकरचे फोटो, ६०० आणि ९०० आरपीएमची रेकॉर्डिंग्ज, पंखा उभा-आडवा धरल्याचा व्हिडिओ आणि आपली ईमेल या ईमेलसोबत जोडली आहेत. रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकावं, लॅपटॉपच्या स्पीकरवर नको. कुरिअरवाल्याला दुपारी एक ते चार सोडून कधीही पाठवा. त्या वेळात बेल बंद असते.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन पावतीवरील नोंदीप्रमाणे)
डोंबिवली पूर्व