ज्युनियर वकिलाचे मानधन पहिल्याच दिवशी ठरावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि भाऊसिंगजी रोडवर काळ्या कोटांची वर्दळ वाढली. त्यातल्या नव्या सनदधारकांना, म्हणजे नुकताच वकिलीचा परवाना मिळून सीनियरच्या हाताखाली काम करणाऱ्या ज्युनियरना, महिन्याकाठी काय मिळते, हे विचारणे मात्र आमच्या व्यवसायात अजूनही असभ्यपणाचे समजले जाते. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये, तेही निदान तीन वर्षे, द्यावेत असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि माझ्या माहितीतल्या एकाही ऑफिसात ती पाळली जात नाही.

मी गेली वीस वर्षे कौटुंबिक दावे चालवतो, म्हणून त्याच कामापुरते लिहितो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ मुळे तिथे वकील हक्काने उभा राहत नाही, न्यायालयाच्या परवानगीने राहतो. साहजिकच नवख्याचे बरेचसे काम कोर्टाबाहेरच होते. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितल्यापासून पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे आणि मुलांच्या फीच्या पावत्या जुळवत पक्षकारासोबत दोन-दोन संध्याकाळी ज्युनियरच बसतो. रात्री अकराला ‘साहेब फोन उचलत नाहीत, ताई, तुम्हीच सांगा’ असा रडवेला फोन येतो तोही त्यालाच किंवा तिलाच, आणि रविवारी मुलाच्या भेटीवरून वाद झाला की धावायचेही तिनेच. यातले काही रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येत नाही.

सीनियरची अडचण खोटी नाही. पोटगी मागायला आलेली बाई फी देणार कुठून? निकालातल्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्याच नियमांनुसार वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर तीन वर्षांच्या अनुभवाशिवाय सहसा घेतले जात नाही. म्हणजे ज्या तीन वर्षांत आधाराची खरी गरज, त्याच काळात दोन्ही वाटा बंद. घरचा ऊस किंवा वडिलांचे ऑफिस असलेला तग धरतो. चंदगडसारख्या दूरच्या तालुक्यातून येऊन खोली भाड्याने घेतलेली मुलगी वर्षभरात स्पर्धा परीक्षेकडे वळते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझ्याकडच्या पहिल्या ज्युनियरला मी पेट्रोलपुरते पैसे देत असे आणि ‘शिकायला मिळते आहे ना’ असे वर ऐकवत असे. अंतरिम पोटगीचा अर्ज ती माझ्यापेक्षा नेटका लिही. आठ महिन्यांत ती सोडून गेली. रकमेचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता, आणि तो काढण्याची जबाबदारी तिची नव्हे, माझी होती.

प्रत्येक सीनियर वीस हजार देऊ शकेल असे मी म्हणत नाही. आठ हजारच परवडत असतील तर आठ सांगावेत, पण ते रुजू होण्याच्या दिवशी, एका कागदावर: रक्कम किती, कोणत्या तारखेला, स्वतःचे काम घेतल्यास फी कोणाची, पक्षकारांचे फोन किती वाजेपर्यंत घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी बोलावल्यास काय. बार असोसिएशनने असा एक साधा नमुना तयार करून ठेवला, तर विचारण्याचा संकोच ज्युनियरवर राहणार नाही. माझ्या ऑफिसात यंदापासून असा कागद केला आहे. त्यावर बारा हजारांचा आकडा आहे, आणि रात्री नऊनंतरचे फोन माझ्याकडे वळवले आहेत.

आपला,
एक वकील, कोल्हापूर