चाकाशिवाय घडलेली भांडी

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मातीकामावर पान आलं, आनंद झाला, पण सगळं चाकाबद्दलच, हाताने घडवलेल्या भांड्यांवर एक ओळ नाही म्हणून लिहितेय. मी घरी सीताफळ, कमळाचं बोंड, शिरीषाची वाळलेली शेंग असं काहीतरी समोर ठेवून भांडी करते. मातीच्या वळ्या, म्हणजे हाताने लांब वळलेल्या जाड दोऱ्या, एकावर एक ठेवायच्या, सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, मग आतून हाताचा आधार देत बाहेरून चेपत जायचं, घाई केली की भांड्याचं पोट बसलंच समजा. सीताफळाचे डोळे एकेक चिकटवावे लागतात, भिंत आणि डोळा सारखेच ओले हवेत नाहीतर वाळताना गळून पडतात, म्हणून प्लास्टिकखाली दहा-बारा दिवस हळूहळू वाळवते.

केनियात जन्मलेल्या मॅग्डालीन ओडुंडो यांचं काम बघा, चाक नाही, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप नाही, वळ्यांनी उभारून घासून चकचकीत केलेली भांडी, अगदी माणसाच्या माने-पोटासारखी! त्या १९७०च्या दशकात नायजेरियात अबुजाच्या मातीकाम केंद्रात शिकल्या, तिथल्याच लादी क्वाली यांचं चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे. कुंभारबाईला नोटेवर मान, किती मोठी गोष्ट आहे ही.

इकडे गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनात माझी भांडी 'वाकडी दिसतात' म्हणून मागच्या टेबलावर ठेवली, खूप वाईट वाटलं, अहो सीताफळ कधी गोल गरगरीत असतं का? पुढच्या पुरवणीत या कामाला अर्धं पान तरी द्या, फोटो मी पाठवते.

- एक वाचक, पुणे