तिच्या डाव्या पायाबद्दल

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाल, आधी वाच. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघे अजून तुझ्यापेक्षा बरे.

काल जाड्याची धाकटी बास्केटबॉलच्या निवड चाचणीत खेळली. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची पहिली खरी मॅच, आणि निवड समितीत मी. मी बाजूला होतो म्हणालो, पण फुकट बसायला दुसरं कोण मिळतंय? जाड्या कोपऱ्यात बसला होता. मॅचभर त्याने माझ्याकडे बघितलं नाही. जाड्या आणि गप्प! यावरून समज.

पोरीने अकरा शॉट मारले, तीन गेले. शेजारच्याने तिथेच तिच्या नावावर काट मारली. मी मात्र चुकलेले आठ बघत होतो. बहुतेक सरळ जाऊन रिंगच्या पुढच्या कडेला लागत होते. डावी-उजवीकडे भरकटलेला जवळपास नाहीच. म्हणजे हात शाबूत आहे, खालून पायांचा जोर येत नाही. तो येईल. मला खटकलं ते वेगळंच. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल, घेऊन खाली आली की सगळं वजन उजव्या पायावर. दोन पावलांत थांबायची तिथे चार. आणि ले-अप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, उजव्या हाताने म्हटला की डाव्या पायावरून उडी, तर तिथवर मोकळी जायची आणि ऐन वेळी पास द्यायची. पास मात्र असे सुरेख की सोबतच्या पोरींना नुसतं बॉल रिंगमध्ये ठेवायचं काम. पहिले तीन क्वार्टर हेच. सगळे म्हणाले, घाबरली. मला वाटलं, हिला डोकं आहे.

मग बाहेरून कुणीतरी तेच ओरडलं, 'घाबरली रे!' झालं. बापाचंच रक्त. पुढच्या दोन मिनिटांत सलग दोन ले-अप डाव्या पायावरून आणि एक ब्लॉक, उडी मारून समोरचीचा शॉट अडवला. ब्लॉकनंतर ती एकट्या डाव्या पायावर उतरली आणि गुडघा आत वळला. लोक उभे राहून टाळ्या पिटतायत, समितीतले म्हणतायत 'आली परत!', आणि माझ्या पोटात गोळा. तसा गुडघा आत घेऊन उतरणारा खेळाडू मी जवळून एकच पाहिलाय, आणि तो हे पत्र वाचतोय.

फिटनेसचा कागद आहे तिच्याकडे. डाव्या मांडीची ताकद उजवीच्या नव्वद टक्के, म्हणजे पास. पण इतके महिने खेळ बंद म्हटल्यावर उजवीही उतरलेली असणार, मग नव्वद टक्के कशाचे? नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचे गुडघे पुन्हा जास्त जातात; तिने तेवढं थांबून दाखवलंय, दहावा संपला. तरी एवढ्या कोवळ्या वयात एसीएल, म्हणजे गुडघ्यातला तो बंध, पुन्हा तुटायची भीती मोठ्यांपेक्षा जास्तच, आणि कधी कधी जातो तो दुसराच गुडघा.

इथे तू अमेरिकेच्या एनबीए लीगमधला डेरिक रोझ काढणार, ठाऊक आहे. बाविसाव्या वर्षी, 2011 मध्ये, एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. 2012 च्या एप्रिलमध्ये डावा गुडघा गेला आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही पठ्ठ्या अख्खा सीझन बसून राहिला. तू त्याला भित्रा म्हणालास. तू! पाच महिन्यांत परत येऊन हिरोगिरी करणारा! मग 2013 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे आतली गादी, गेला तेव्हा 'बघ, बसून काय मिळालं' म्हणून मलाच ऐकवलंस. आणि जमाल मरे? तोही गुडघ्यापायी 2021-22 चा सगळा सीझन बसला होता, आणि 2023 मध्ये त्याची टीम डेन्व्हर एनबीए जिंकली. यावर तुझं उत्तर अजून यायचंय.

असो. संघात बारावी जागा एकच उरलीय. त्या जागेसाठी दुसरी एक पोरगी आहे, धडधाकट, मेहनती, उद्या चाळीस मिनिटं पळेल. तिने काय पाप केलंय? पण हिला वगळलं तर ही म्हणेल, तीन क्वार्टर जपून खेळले म्हणून गेले. घेतलं तर म्हणेल, त्या दोन मिनिटांमुळे घेतलं. दोन्हीकडून पुढची मॅच ती त्या दोन मिनिटांसारखीच खेळणार. मी 'घ्यावी, पण सुरुवातीला दहा मिनिटांच्या वर खेळवू नये' असं लिहून दिलंय. कोच हो म्हणतोय. पण मॅच अटीतटीची झाली की कोच किती ऐकतात ते आपण आपल्या कोच सरांकडे पाहिलंय.

म्हणून तुला विचारतो, आणि नेहमीसारखं हसण्यावारी नेऊ नकोस. त्या फायनलला सरांनी तुला बसवलं असतं, तर तू काय केलं असतंस? त्यांच्याशी आयुष्यभर बोलला नसतास का? आणि आज?

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? मुलाला नोकरी लागल्याचं परस्पर कळलं, पेढ्याचं बघ. नवीन घराचा पत्ता नीट कळव, मागचा अर्धवट होता.

यादी शुक्रवारी लागते. त्याआधी फोन कर, आणि जाड्याला यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
लंबू