तबला चालू राहील, बाबा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "थोरलीची शाळा बदलतेय, अभ्यास वाढणार, मग तिचा तबला दोन वर्षं बंद ठेवला तर काय बिघडतं?" मी "बघू" म्हणून विषय बदलला, कारण थोरली शेजारीच वही उघडून बसली होती आणि तिचे कान वहीत नव्हते. म्हणून लिहायला बसले. निर्णय झालाय. तबला चालू राहणार आहे आणि लांबच्या नामांकित शाळेऐवजी जवळची शाळा घेतोय. तुम्हाला हे वेगवेगळे प्रश्न वाटत असतील, आमच्यासाठी तो एकच होता.

आधी तुम्ही पाठवलेल्या मेसेजबद्दल. संगीत शिकणाऱ्या मुलांची बुद्धी तल्लख होते, हे पाठवणारे तुम्हीच आणि तबला बंद ठेवा म्हणणारेही तुम्हीच, यावरून आई तुम्हाला काय बोलली असेल ते मी इथून ऐकू शकते. पण त्या मेसेजवर मी विसंबलेली नाही. या समजाला सगळ्यात जास्त हवा मिळाली ती १९९३ साली 'नेचर'मध्ये छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगाने. ३६ कॉलेजविद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्झार्ट ऐकवला, त्यानंतर आकृत्यांच्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले, आणि पाव तासाच्या आत तो फरक ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती आणि कुणी काही शिकतही नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. शिकण्याबद्दलचा बरा प्रयोग २००४चा, ग्लेन शेलेनबर्ग यांचा. सहा वर्षांची १४४ मुलं घेतली, काहींना गाणं किंवा की-बोर्ड शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी जेमतेम तीन गुणांनी जास्त वाढला. (नाटकवाली मुलं चारचौघांत वागायला सुधारली, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.) पुढे २०२० साली असे ५४ अभ्यास, जवळपास सात हजार मुलांचे, एकत्र तपासले गेले. जिथे तुलना काटेकोर होती तिथे फरक जवळजवळ शून्यावर आला.

तेव्हा गणित सुधारावं म्हणून तबला, असा हिशेब मी मांडत नाही. तो मांडला की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, मग सरळ गणिताचाच क्लास का नको? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती तबला शिकते ती तबला यावा म्हणून.

आता "दोन वर्षं बंद" बद्दल. बोटं कदाचित परत येतीलही. पण दिवसातली जागा एकदा गेली की गेली, तिथे दुसरं काहीतरी ठाण मांडून बसतं. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ज्यामुळे मी परवा फोनवर गप्प बसले. गॅरी मॅकफर्सन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने वाद्य शिकायला लागणाऱ्या मुलांना पहिल्या धड्याच्या आधीच विचारलं होतं, तू हे किती दिवस वाजवशील असं तुला वाटतं? काही जण वर्षभर म्हणाले, काही शाळा संपेपर्यंत, काही कायमच. दीर्घ काळाचं मनात धरून आलेली मुलं तेवढ्याच सरावात इतरांच्या खूप पुढे गेली. म्हणून "सध्या बंद ठेवू", "मग बघू" ही वाक्यं तिच्या कानावर पडू नयेत एवढं मी सांभाळते. तुम्हीही सांभाळा. मोठ्या परीक्षेच्या वर्षी रियाज दहा मिनिटांवर आला तरी माझी हरकत नाही. बंद मात्र नको.

आई, तू विचारलं होतंस की ती रोज तेच तेच का वाजवते. ते काय आहे ते सांगते. सध्या तिचा तीनतालातला कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, चालू आहे, अगदी पहिला शिकवतात तो:

धा धा ति ट धा धा तू ना
ता ता ति ट धा धा धि ना

सोळा मात्रा, वाचायला सोपं. पण 'तिट' दोन वेगळ्या बोटांनी वाजतं. सरांच्या पद्धतीत 'ट' तर्जनीचा आहे आणि तिची तर्जनी अजून कच्ची, त्यामुळे 'ति' खणखणीत आणि 'ट' कुजबुजल्यासारखा येतो. ठाय म्हणजे संथ लयीत ते झाकून जातं. दुगुन, म्हणजे दुप्पट वेग, केली की सगळं उघडं पडतं. दुसरी खोच खालच्या ओळीत आहे. 'ताता'ला डग्गा (डाव्या हाताचा) गप्प असतो आणि मध्येच 'धाधा'ला त्याने परत बोलायचं असतं. तिचा डावा हात एकदा गप्प झाला की गप्पच राहतो, 'धाधा'च्या जागी पुन्हा 'ताता'च ऐकू येतं, आणि तिला स्वतःला ते कळत नाही, कारण तोंडाने ती बरोबर म्हणत असते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. पूर्ण कायदा न वाजवता फक्त 'ताता तिट धाधा' एवढाच तुकडा, लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) अगदी संथ लावून, पुन्हा पुन्हा. आणि हेच मुलांना नको असतं. संशोधकांनी घरी सराव करणाऱ्या मुलांच्या चित्रफिती पाहिल्या तेव्हा दिसलं की बहुतेक वेळ ती एखादा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत सुटतात. चुकलं तरी पुढे, संपलं की झाला रियाज. बाहेरच्या खोलीतून ऐकणाऱ्याला तेच छान वाटतं, हा त्यातला घोळ. सलग वाजलं की आपण खूश, अडखळत वाजलं की आपण विचारतो, "आज काय झालं?" खरं काम अडखळतानाच चाललेलं असतं.

मी शेजारी बसते ते शिकवायला नाही. मला तबल्यातलं कळतं किती? ती कुठला तुकडा घेणार ते आधी विचारते आणि शेवटी तोच तुकडा एकदा ऐकते, एवढंच. हे मी तुझ्याकडूनच उचललंय, आई. मी पेटी शिकत होते तेव्हा तू शिवण घेऊन खोलीच्या दारात बसायचीस. सूर तुला कळायचा नाही असं तू म्हणायचीस, पण मान वर न करता "कालच्यापेक्षा आज लवकर संपलं" हे बरोबर सांगायचीस. मला त्याचा राग यायचा. थोरलीलाही माझा येतो.

मध्यंतरी तिने सोडायचं काढलं होतं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. क्लासमधून आली, दप्तर भिरकावलं, "मला नाही जायचं उद्यापासून." आमच्याकडे एक नियम आहे, ओरडा खाल्लेल्या दिवशी सोडण्याचा निर्णय होत नाही. चार दिवसांनी शांतपणे विचारलं, नेमका कशाचा कंटाळा? तबल्याचा, सरांचा, का परीक्षेचा? निघाला तबल्याच्या परीक्षेचा. त्या परीक्षेसाठी ठरलेले कायदे वर्षभर घोटायचे, तालांची लिपी लिहायची, व्याख्या पाठ करायच्या, आणि यात नवीन काही हाताला लागत नव्हतं. सरांशी बोललो. त्यांना ते पटलं नाही, लेखी बाजू कच्ची राहील म्हणाले, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहेत. शेवटी ठरलं की यंदा परीक्षा नाही, पण लिपी लिहिणं सोडायचं नाही, आणि महिन्यातून एकदा मोठ्या मुलांच्या तासाला बसून ऐकायचं. त्या तासाला जायला ती स्वतःहून तयार होते. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. बाबा, तुम्हाला हातात प्रमाणपत्र हवं असतं, ठाऊक आहे मला.

शाळेचं असं. दोन्ही शाळा बघितल्या. लांबच्या शाळेत संगीताची खोली मोठी आहे, भिंतीला आवाज शोषणारं आवरण, काचेचं कपाट. मी विचारलं, कपाटाची चावी कुणाकडे असते? ऑफिसात, म्हणाले, आणि चावीवाले गृहस्थ रजेवर होते. काचेतून दिसत होतं ते पुरेसं होतं. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, इतकी कोरी, की त्यावर कुणाचं बोट पडलेलं नव्हतं. जवळच्या शाळेत खोली म्हणजे जिन्याखालची जागा. पण तिथल्या तबल्याची शाई एका बाजूने चिरलेली, खिडकीत हातोडी पडलेली, आणि संगीताच्या बाई आम्हाला बघून आधी एका मुलावर ओरडल्या की गट्टे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकताना कडेला मारू नकोस. परीक्षेच्या महिन्यात संगीताचा तास गणिताला देतात का, असंही विचारलं. "मागतात, मी कधी देते कधी भांडते," म्हणाल्या. मला हे उत्तर आवडलं. समूहगानात कुणाला घेतात विचारलं तर म्हणाल्या, येईल तो.

पण खरं सांगायचं तर निर्णय कपाटावरून झाला नाही, येण्याजाण्यावरून झाला. लांबच्या शाळेला अंधारात निघून संध्याकाळी घरी. त्यानंतर क्लास असेल त्या दिवशी ती जेवताना पेंगणार, नसेल त्या दिवशी गृहपाठ करताना. रियाजाला जी पंचवीस-तीस मिनिटं लागतात ती त्या बसमध्ये गेली असती, आणि मग आपणच म्हणालो असतो, हिला आवडच राहिली नाही. मुलाची आवड गेली म्हणतात तेव्हा बऱ्याचदा वेळ गेलेला असतो, असं माझं मत झालंय. तिथे निकाल जास्त चांगले लागतात, हा तुमचा मुद्दा मी खोडत नाही. ती शाळा वाईट नाहीच. थोरलीला विचाराल तर तिला या कशाशी देणंघेणं नाही, तिची मैत्रीण जवळच्या शाळेत जाणार आहे, विषय संपला.

धाकट्याचं थोडक्यात. तो व्हायोलिन म्हणतोय. आई, "घ्यायचंच तर मोठंच घ्या, वाढत्या अंगाचं" हे तुझं म्हणणं फ्रॉकला चालतं, व्हायोलिनला नाही. ते साधारणपणे एक-सोळांशापासून पूर्ण मापापर्यंत मिळतं आणि हाताच्या लांबीवरून ठरवतात. मोठं दिलं तर खांदा वर चढतो, हात ताणला जातो, बोटं सुराच्या जागेवर पोचतच नाहीत. म्हणून सध्या भाड्याने घेतोय. हात वाढला की बदलून मिळेल, आणि उत्साह ओसरला तर परत करता येईल. हे दुसरं कारण त्याला सांगू नका.

आता तुम्हा दोघांकडे काम आहे. व्हिडिओ कॉलवर ती वाजवते तेव्हा बाबा म्हणतात, मध्येच आवाज जातो. दोष तुमच्या कानांचा नाही. या अॅपना माणसाचं बोलणं तेवढं आवाज वाटतं आणि बाकीचा गोंगाट, त्यामुळे तबला सुरू झाला की ती तो दाबायला बघतात. म्हणून यापुढे ती रेकॉर्ड करून पाठवेल. दुसरं, बाबा, तुमचं श्रवणयंत्रही मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. तपासणीला जाल तेव्हा तुमच्या यंत्रात आहे का विचारा, आणि असला तर बदलायचा कसा ते आईसमोर समजून घ्या, नाहीतर तुम्ही "कळलं, कळलं" म्हणून घरी याल.

ऐकून झाल्यावर "वा, छान" एवढंच नका म्हणू. ते तुम्ही न ऐकताही म्हणाल, हे तिला कळून चुकलंय. यातलं अवघड कुठलं होतं, असं विचारा. मग ती अर्धा तास बोलते. आणि तिची आणखी एक इच्छा आहे, तुम्हाला दोघांना तीनताल हाताने धरायला शिकवायचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला 'खाली', म्हणजे बिनटाळीची मात्रा. तुम्ही ताल धरायचा आणि ती वाजवणार. तुम्ही चुकलात तर ती थांबवणार, तशी तंबी तिने आधीच देऊन ठेवली आहे. रविवारी सकाळी वेळ ठेवा.

बाबा, शाळेवरून अजून काही म्हणायचं असेल तर पत्राने कळवा, फोनवर नको. आई, गुडघ्याचा व्यायाम चालू आहे का ते लिही. बाबांना विचारलं तर ते "हो" म्हणतात आणि मागून तू काहीच बोलत नाहीस.

तुमची,
लेक

ता. क. आई, खालीच्या वेळी हात नुसता बाजूला उघडायचा, टाळी वाजवायची नाही. मागच्या वेळी तू वाजवलीस आणि फोन ठेवल्यावर ती मला रात्रीपर्यंत ऐकवत होती.