डोळे जपायचा सल्ला पुरे, आता व्यवस्था हवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

डोळ्यांच्या दुखापती टाळण्यासाठी जनजागृती मोहीम काढा, अशी पत्रे आपल्याकडे येत असतील. माझी विनंती वेगळी आहे. 'डोळ्यांची काळजी घ्या' असा फलक लावून डोळे वाचत नाहीत, हे मी नेत्रशल्यचिकित्सक म्हणून इतकी वर्षे पाहत आले आहे. फुटलेला डोळा घेऊन आलेल्या बहुतेक माणसांना काळजी घ्यायला हवी होती हे ठाऊक असते. काम करताना त्यांच्या हाताशी चष्मा नसतो, एवढेच. म्हणून माझे मागणे असे आहे की, जिथे हत्यार मिळते तिथेच डोळ्याचे संरक्षण मिळावे आणि इजा झालीच तर पहिल्या काही तासांत जवळच्या आरोग्य केंद्रात योग्य उपचार व्हावेत. या दोन्हींची जबाबदारी शासनाने घ्यावी.

प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंधत्व निवारण कार्यक्रमातून १९९८ साली मांडला गेला. जगात दरवर्षी सुमारे साडेपाच कोटी माणसांना डोळ्याला अशी इजा होते की त्यांचे काम एका दिवसाहून जास्त अडते. साडेसात लाखांना रुग्णालयात भरती व्हावे लागते. सुमारे दोन लाख इजांमध्ये डोळ्याचा गोल फाटतो किंवा भेदला जातो. दुखापतीने एका डोळ्याची दृष्टी गेलेले किंवा अधू झालेले लोक जवळपास एक कोटी नव्वद लाख होते. आकडे जुने आहेत. पण त्यानंतर ग्राइंडर, ड्रिल आणि गवत कापायची यंत्रे कारखान्यातून घराघरात आली आणि त्यांच्यासोबत कारखान्याचे सुरक्षेचे नियम मात्र आले नाहीत.

सावध राहिले की पुरे, असे वाटत असेल तर एक साधा हिशेब करून पाहावा. हातात धरायच्या ग्राइंडरची १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या घरात जातो. तिथून सुटलेला कण अर्ध्या मीटरवरच्या डोळ्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पोचतो. पापणी मिटायला साधारण दहावा भाग लागतो. कारागीर कितीही अनुभवी असो, त्याची पापणी त्या कणाच्या आधी मिटणार नाही. चकती आणि डोळा यांच्यामध्ये काहीतरी टणक असायला हवे, दुसरा उपाय नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या दिसतात, म्हणून त्याची थोडी तरी धास्ती असते. हातोडा-छिन्नीची कुणालाच वाटत नाही, आणि मला सर्वात जास्त काळजी तिचीच वाटते. वर्षानुवर्षे ठोके खाऊन छिन्नीचे डोके फुलते, कडा बाहेर वळतात आणि एखाद्या ठोक्याला तिथली बारीक कपची उडते. ती बुबुळ भेदून आत शिरते. छिद्र इतके लहान असते की कधी कधी ते आपोआप मिटते. थोडे टोचते, डोळा किंचित लाल होतो, दिसायलाही बऱ्यापैकी दिसत असते. माणूस थंड पाण्याने डोळा धुऊन कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड हळूहळू गंजत डोळ्याच्या पडद्याला मारत जाते, किंवा त्याआधीच जंतुसंसर्गाने डोळा आतून पुवाने भरतो. अशा रुग्णाला 'तुम्ही काही ठोकत होतात का?' एवढा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटला तर डोळा वाचू शकतो. मग एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो आणि कपची सापडते. धातूचा कण आत असल्याची शंका असताना एमआरआय मात्र करायचा नसतो, कारण चुंबकाने तो कण हलतो. आपल्या प्रत्येक अपघात विभागात हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा. त्याला वेगळा निधी लागणार नाही.

आता चष्म्याविषयी. नंबरचा चष्मा घातला म्हणजे डोळा सुरक्षित झाला, हा फार मोठा गैरसमज आहे. साध्या काचेचे भिंग जोराच्या आघाताने फुटते आणि तेच तुकडे डोळ्यात जातात. संरक्षक चष्म्यासाठी पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लॅस्टिक वापरतात. ते आघात सोसते, सहसा फुटत नाही. शिवाय चष्म्याला बाजूंनीही आडोसा हवा, कारण कण नेहमी समोरूनच येतो असे नाही. लोक चष्मा घालत नाहीत म्हणून त्यांना बेफिकीर ठरवणे मला पटत नाही. वाफ धरणारा, ओरखडे पडून धुरकट झालेला, नंबरच्या चष्म्यावर न बसणारा, लहान चेहऱ्यावरून घसरणारा चष्मा कुणीही दहा मिनिटांत काढून ठेवील. खरेदीच्या निविदेत सर्वात स्वस्त माल घेतला की तो खुंटीवर लटकत राहतो. चष्मे निवडताना ते ज्यांना घालायचे आहेत त्यांच्या चेहऱ्यावर आधी घालून पाहावेत.

सक्तीने डोळे वाचतात का, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. वाचतात. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून मोटारीत पुढे बसणाऱ्यांना सीटबेल्ट सक्तीचा झाला. तो नियम डोळ्यांसाठी केलेला नव्हता. पण समोरच्या काचेवर आदळून डोळे फाटण्याच्या घटना त्यानंतर झपाट्याने घटल्या आणि तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी त्याची नोंद केली. दुसरे उदाहरण कॅनडाचे. टोरंटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी १९७०च्या दशकात बर्फावरच्या हॉकीत डोळे गमावणाऱ्यांची मोजदाद केली, ती क्रीडा संघटनांपुढे ठेवली आणि चेहऱ्याच्या जाळीचे मानक ठरवायला भाग पाडले. लहान खेळाडूंना जाळी सक्तीची झाली आणि अंधत्व आणणाऱ्या इजा त्या वयोगटातून जवळजवळ नाहीशा झाल्या. पॅशबींनी आधी मोजले, मग मागितले. आपल्याकडे मोजण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. खेळांपैकी स्क्वॉश या रॅकेटने भिंतीवर खेळायच्या खेळाचा चेंडू सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा असतो, डोळ्याभोवतीच्या हाडांच्या खोबणीत तो नेमका बसतो आणि सगळा मार बुबुळावर येतो. शाळांच्या क्रीडा विभागाला हे सांगणारे कुणीतरी हवे.

घरातल्या रसायनांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आम्लाची भीती सर्वांना असते. पण डोळ्यासाठी अल्कली, म्हणजे चुना, ओले सिमेंट, अमोनिया, तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करायचे द्रावण, ही आम्लापेक्षा अधिक घातक ठरतात. आम्लाने वरची प्रथिने गोठतात आणि तो थर काही प्रमाणात आडकाठी करतो. अल्कली पेशींच्या आवरणातील चरबीचा साबण करून टाकते आणि खोल शिरत राहते. इथे उपचाराचा सगळा भार पहिल्या मिनिटांवर असतो. डॉक्टरकडे धावण्याआधी, जिथे आहात तिथेच, नळाच्या स्वच्छ पाण्याखाली पापण्या उघड्या धरून किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवायचा. चुन्याचे खडे पापणीखाली अडकतात, तेही निघायला हवेत. आम्लावर अल्कली टाकून मारा शमवायचा प्रयत्न कुणी करू नये. ही सूचना बाटलीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत असते. ती पुढच्या बाजूला, चित्रासह, ठळक छापायची सक्ती आपण करू शकता. अमेरिकेत कपडे धुण्याच्या द्रवसाबणाच्या रंगीत पुड्या बाजारात आल्या, तेव्हा ३ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये त्या पुड्यांमुळे डोळे भाजण्याच्या घटना २०१२ मधल्या सुमारे १२ वरून २०१५ मध्ये ४८० वर गेल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. खेळण्यासारखी दिसणारी वस्तू मूल दाबून पाहणारच. तिथे आईबापांना दोष देण्याआधी वेष्टनाकडे पाहायला हवे.

लेसर पॉइंटरचेही तसेच. मुलांच्या हाती जाणाऱ्या पॉइंटरची खरी शक्ती लेबलवर लिहिलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त निघू शकते, आणि डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पडलेला भाजल्याचा डाग कायमचा राहू शकतो. बाजारातले नमुने उचलून तपासा, एवढेच म्हणेन.

आता माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. शेतात, बागेत, झाडाझुडपात काम करताना पान लागते, काडी लागते, कुसळ जाते. बुबुळावर साधा ओरखडा उठतो. त्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरली की व्रण होतो आणि बरा झाल्यावरही फूल पडून दृष्टी जाते. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरच्या प्रशिक्षित सेवकांनी असे ओरखडे शोधून क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४४२ जणांपैकी ४२४ जणांना संसर्ग झाला नाही. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांना झाला. पुढे नेपाळमध्येच गटागटांची तुलना करून झालेल्या मोठ्या चाचणीत, गावोगावी स्वयंसेविका नेमूनही व्रणांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. मी यातून असा अर्थ काढते की नुसते मलम वाटून काम होत नाही. ओरखडा उठलेला माणूस त्याच दिवशी कुणाकडे तरी गेला पाहिजे, आणि तो जाईल असा विश्वास व अंतर दोन्ही आपल्याला सांभाळायचे आहे.

कारण तो बहुतेक वेळा औषधाच्या दुकानात जातो. तिथे चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब मिळतात. लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. वेल्डिंगच्या झगमगाटाने भाजलेल्या डोळ्यांसाठी भूल देणारे थेंब घेऊन जाणारेही असतात. तो त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो आणि असह्य असतो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण ते थेंब वारंवार घातले की बुबुळ भरून येत नाही, उलट विरघळू लागते. या दोन्ही औषधांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद करण्यासाठी नवा कायदा करण्याआधी, आहे त्या नियमांची तपासणी तरी नियमित व्हावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची एक गोष्ट मात्र कधीच चुकता कामा नये. डोळा फुटल्याची शंका असेल, बाहुली वेडीवाकडी दिसत असेल, काही रुतलेले असेल, तर धुवायचे नाही, दाबायचे नाही, रुतलेले उपसायचे नाही, मलम घालायचे नाही. डोळ्याला न टेकणारे कडक कवच, ते नसेल तर कागदी पेल्याचा तळ, भोवतीच्या हाडावर टेकवून चिकटवायचा, रुग्णाला खायला-प्यायला न देता शस्त्रक्रियेच्या सोयीकडे पाठवायचे. रसायन गेले तर आधी धुवायचे आणि डोळा फाटला तर हात लावायचा नाही. घाईत नेमकी इथेच गल्लत होते. दहा-बारा वर्षांच्या आतले मूल असेल तर निकड दुप्पट, कारण जखम शिवून झाली तरी वापराविना तो डोळा मंद पडत जातो.

आपल्याकडून पहिले काय हवे, असे विचाराल तर नोंद. प्रत्येक अपघात विभागात डोळ्याच्या इजेची एक ओळ : वय, काम, कशाने लागले, डोळ्यावर काही होते का, किती तासांनी आले. वर्षभराने ती यादी आपल्या टेबलावर येईल, तेव्हा कोणत्या यंत्राच्या खोक्यात चष्मा देणे सक्तीचे करायचे आणि कोणत्या खेळाला जाळी लावायची, हे ती यादीच सांगेल. तोवर ग्राइंडर, गवत कापायचे यंत्र आणि ड्रिल या तिघांसाठी थांबायची गरज नाही. त्यांच्यासोबत मानकाप्रमाणे तपासलेला चष्मा देण्याचा आदेश आपण उद्योग खात्याशी बोलून याच वर्षी काढावा. मसुदा करण्यासाठी लागेल ती मदत करायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक नेत्रशल्यचिकित्सक